समोरची खुर्ची

आमच्या चौघांच्या वाद्यगटाचा नियम सोपा आहे: जिवंत माणसाचीच रचना वाजवायची, आणि लिहिणाऱ्याला वाजवताना समोर बसवायचं. "मेलेल्यांचं वाजवायला अख्खं जग पडलंय," असं दादा म्हणतो. दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ. रचना त्याची, चेलो माझा.

त्याच्या नव्या रचनेत शेवटी आम्ही सगळे थांबतो. समोरच्या खुर्चीतून तो हात उचलतो, मग शेवटचा सूर. केव्हा उचलायचा, ते त्याच्या मर्जीवर. नसते चाळे, असं मी त्याला तोंडावर सांगितलं होतं.

कार्यक्रमाच्याच दुपारी त्याला हृदयाच्या ऑपरेशनला आत नेलं. माझा जीव टांगणीला. तरी वहिनी फोनवर म्हणाली, "तू वाजव गं. इथे येऊन काय भिंती बघत बसणार?"

पहिलं व्हायोलिन वाजवतो त्याला आम्ही 'घड्याळ' म्हणतो. लयीत तसूभरही हलत नाही. दादाऐवजी खूण त्यानं करायची ठरली. खुर्ची तेवढी रिकामी ठेवली.

छोटा हॉल. उन्हाच्या तिरिपेत खुर्चीवरची धूळ दिसत होती. वाजलं झकास. मग आम्ही थांबलो.

घड्याळ खूण करेना. कुणीतरी खोकायला लागलं आणि मध्येच गप्प झालं. पंखे बंद होते, तरी माझ्या गुडघ्यांना गार वारा लागला. खुर्ची करकरली, कुणी सावरून बसावं तशी.

घड्याळ तिकडेच बघत होता.

आणि चौघांनी एकदम शेवटचा सूर लावला.

टाळ्या संपवून आत आल्यावर मी त्याच्यावर खेकसले, "अरे, इतका वेळ लावतात का?"

"खूण मी केलीच नाही. मला वाटलं, तू केलीस."

बाकीच्या दोघांनीही नकारार्थी माना हलवल्या.

तेवढ्यात वहिनीचा फोन. "मध्येच हृदय थांबलं होतं गं! डॉक्टरांनी आशा सोडली होती. मग आपलं आपणच सुरू झालं. वाचला!"

मी जिन्यात बसून भोकाड पसरलं. जिवावरचं शेपटीवर निभावलं होतं. बाकी सगळं गेलं खड्ड्यात!

आठवड्याभरात दादा उशीला टेकून दवाखान्याच्या जेवणाला नावं ठेवायला लागला. त्याला तसं कुरकुरताना बघून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

"शेवटचा सूर छान लागला," तो म्हणाला.

"तुला कुणी सांगितलं?"

"समोरच होतो की. पण हात उचलवेना. शेजारच्यानं उचलून दिला."

"कोण शेजारचा? खुर्ची एकच होती, दादा."

"असू दे. वाचलो ना?"

"वाचलास रे बाबा."

त्याच्या मांडीवर नव्या रचनेचा कागद होता. आमच्या चार ओळी, आणि खाली पाचवी. तिच्यापुढे वाद्याचं नाव नव्हतं. आम्ही चौघं थांबतो, तिथून पुढे ती एकटीच चालली होती.

"हे कोण वाजवणार?"

"त्या शेजारच्याला कबूल केलंय."

"आणि आपला नियम?"

"तो लिहिणाऱ्यापुरता आहे," दादा हसला. "वाजवणाऱ्यांचं कुठे काय ठरलंय?"

मी पलंगाजवळची खुर्ची ओढायला गेले.

"तिथे नको," दादा सहज म्हणाला, "इथे पलंगावर बस."