दांडीची सायकल

दुकानात मी पाऊल टाकलं आणि काउंटरमागच्या तरुणानं काही न विचारता गुलाबी सायकल पुढं ओढली. पुढं बास्केट, मधली नळी खाली वाकलेली. कोल्हापूरच्या राजारामपुरीत बाई सायकल घ्यायला आली की लेडीज सायकलच दाखवायची, हा रिवाजच. माझं डोकं फिरलं.

"मला दांडीची पायजे," मी म्हणाले.

"दांडीवरनं पाय टाकायला अवघड जातंय, ताई."

"मी साडी नेसून आलोय का? आणि ताई कुणाला म्हणताय?"

तो हसला. गालावर ग्रीसचा डाग, डोळे मात्र स्वच्छ... मी घाईघाईनं सायकलींकडं बघायला लागले.

घरी आण्णांशी पैज लागली होती. वय वर्षं सव्वीस, क्लासमध्ये गणित शिकवणारी त्यांची लेक क्रांती स्कूटी सोडून सायकल मारणार, हे त्यांना पटतच नव्हतं. महिनाअखेरच्या रविवारी दुपारी बाराच्या आत स्वतःच्या पायांनी पंचावन्न किलोमीटरवरचा, घाटमाथ्यावरचा गगनबावडा गाठायचा. गाठला तर सायकल माझी. नाही तर विकायची आणि परत तिचं नाव काढायचं नाही. टेम्पो आणि दोरखंड घेऊन ते वर थांबणार होते. दोरखंड माझी सायकल बांधायला!

हे ऐकल्यावर त्या तरुणानं, धैर्यशीलनं, मन लावून समजावलं. स्टीलची फ्रेम जड, पण खड्डे पोटात घालते आणि वाकली तर सरळ करता येते. अ‍ॅल्युमिनियमची हलकी, पण प्रत्येक खड्डा मनगटाला कळवते. कार्बनची उचलताना हातात काही आहे असं वाटत नाही, मात्र तडकली की डोक्याला ताप. आणि लेडीज फ्रेमची वरची दांडी साडीसाठी खाली गेली, म्हणून चढावर जोर लावला की ती जरा वळवळते.

"त्रिकोण हलत न्हाय, हे मी पोरांना रोज शिकवतो," मी म्हणाले. "दांडीचीच द्या. स्टीलची."

"चढावर रडवंल."

"बघू कोण रडतंय."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत एकदाच बघितलं, लगेच नजर वळवली आणि एक निळी सायकल काढून दिली.

आठवड्यात माझी पाठ धरली, मनगटं सुजली. आण्णा रोज सकाळी विचारायचे, "इकायची का?" मी दात-ओठ खात पुन्हा दुकानात गेले. धैर्यशीलनं सायकल बघितली, मला बघितलं आणि कानापर्यंत लाल झाला. फ्रेम मोठी होती. उंचीवरून अंदाज केला, म्हणाला. खरं माप पायाचं घ्यायचं असतं... आतल्या बाजूनं... बाईमाणसाला कसं विचारायचं?

"विचारायचं तोंडानं," मी म्हणाले. "कसं घेतात माप?"

छताकडं बघत त्यानं सांगितलं. भिंतीला टेकून उभं राहायचं, मांड्यांमध्ये जाड पुस्तक घट्ट वर धरायचं, तिथून जमिनीपर्यंत मोजायचं. मी पर्समधलं दहावीच्या गणिताचं गाईड काढलं आणि भर दुकानात भिंतीला टेकले. दोन गिऱ्हाइकं बघतच राहिली. बघू देत.

"पेन्सिल द्या."

त्यानं पाठमोरं राहूनच पेन्सिल पुढं केली. मी खूण केली, मोजलं. पंच्याहत्तर सेंटीमीटर.

तेवढ्या मापाची फ्रेम त्यानं शोधून आणली आणि सगळे भाग नव्यानं जोडले. रोज संध्याकाळी क्लास सुटला की मी बघायला जायची. सायकल चार दिवसांत तयार झाली, माझं जाणं मात्र थांबलं नाही. तो चहा मागवायचा, मी त्याला उगीच भांडायला लावायची. एक दिवस गेले नाही तर दुसऱ्या दिवशी म्हणाला, "काल दुकान लवकर बंद केलं. करमंना." मला तो आवडला होता. झालं, लिहून टाकलं.

पैजेच्या रविवारी पहाटे सहाला निघालो. तोही आला, पण सांगून ठेवलं होतं, पुढं जायचं नाही आणि ढकलायचं नाही. कळे गाव मागं पडलं. असळजच्या पुढं चढ लागला, धुकं उतरलं आणि मांड्या पेटल्या. दोनदा वाटलं, उतरावं. दोनदा आण्णांचा दोरखंड आठवला.

शेवटच्या वळणावर पाणी प्यायला थांबलो. साडेअकरा वाजले होते. धैर्यशील हँडलची घंटी पुसत बसला.

"क्रांती, मी असं धरून चाललोय की... तुझ्या मनात बी..."

"परत अंदाज?" मी म्हणाले. "एकदा पाठ मोडून घेतलीया त्यापायी. नीट विचार की."

त्यानं घंटी सोडली. माझ्याकडं बघितलं, पहिल्यांदाच नजर न वळवता.

"लगीन करशील माझ्याशी?"

"वर चल. उत्तर आण्णांच्या म्होरं देतो."

पावणेबाराला धुक्यातून टेम्पो दिसला. आण्णा दोरखंड हातात घेऊन उभे होते. त्यांनी घड्याळ बघितलं, माझ्या चाकांवरचा चिखल बघितला आणि दोरखंड खाली ठेवला. "पोचलीस व्हय," एवढंच म्हणाले. मग मागं धापा टाकणाऱ्या धैर्यशीलकडं बोट केलं.

"हे पावणं कोण?"

"तुमचं जावई."

आण्णांनी त्याला निरखलं, मग खाली वाकून दोरखंड पुन्हा उचलला.

"यांची सायकल टाका टेम्पोत," ते टेम्पोवाल्याला म्हणाले. "लई दमल्यात पावणं."

मी माझी सायकल कोल्हापूरकडं वळवली. आता सगळा उतारच होता.