टोपीच्या डाव्या बाजूची डहाळी

खोटं वाटलं तर वाटू दे. लिओपोल्डची हिरवी टोपी आजही त्याच्या घराबाहेर लाकडांच्या ढिगावर पडलेली आहे. मी शेजारीण. रोज बघते.

ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या डोंगरातलं आमचं गाव. ऑक्टोबर, हरणांचा हंगाम. आणि त्या घरात एकच भांडण... जुनी बंदूक.

ती बुर्गीच्या पहिल्या नवऱ्याची, वेंडेलिनची. तो कधीच वारला. लिओपोल्ड दुसरा नवरा.

बंदुकीची नळी झिजली होती. हायमो गावातल्या बंदुका दुरुस्त करतो. तो म्हणाला, "नळी बदला, नाहीतर सरळ नवी घ्या."

"नळीच बदलू," बुर्गी म्हणाली. "दस्ता तोच राहू दे. वेंडेलिनचा गाल टेकून टेकून कसा गुळगुळीत झालाय बघ."

आणि तिनं त्यावरून हात फिरवला.

लिओपोल्डच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या गालावरून कधी फिरवलास?"

"आधी दाढी तर कर!"

तिची चेष्टा, पण ह्याचा जीव जळला. मेलेल्याशी भांडणार तरी कसं हो? दुसऱ्याच दिवशी तिला न सांगता तो हायमोकडे गेला. नवी बंदूक घेतली, जुनी त्याच्यापुढे टाकली.

"मोडून टाक. दस्त्याचं सरपण कर."

"बुर्गीला विचारलंस?"

"तिचा नवरा मी आहे की तो?"

त्याच संध्याकाळी त्यानं नव्या बंदुकीनं हरीण पाडलं. बुर्गी सोबत होती, पण नव्या बंदुकीकडे तिनं बघितलंही नाही. रिवाजाप्रमाणे तिनं पाइनची डहाळी रक्ताला लावून त्याला दिली. त्यानं ती टोपीत उजवीकडे खोचली.

शिकार साधली की उजवीकडे. डावीकडे फक्त शिकाऱ्याच्या मयताला. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

डोंगर उतरताना बुर्गी पुढे, तो मागे.

आणि त्याच्याही मागे... पावलं.

तो थांबला. पावलंही थांबली.

वळून पाहिलं... कुणी नाही.

घरी येऊन टोपी काढली...

डहाळी डावीकडे!

"बुर्गी, ही कसली थट्टा?"

तिचा चेहरा पांढराफटक. "अरे पोल्डी, मी तर पुढे होते."

त्यानं डहाळी चुलीत घातली.

सकाळी टोपीत दुसरी... ताजी. चीक अजून ओला. डावीकडेच.

तो धावत हायमोकडे गेला. "मोडलीस का रे?"

"नाही बाबा. हातच धजेना. गाल टेकायच्या जागी दस्ता... कोमट लागतोय."

लिओपोल्डनं मुकाट्यानं नवी नळी बसवून घेतली. बंदूक घरी आणून खुंटीला टांगली. बुर्गीनं पुन्हा दस्त्यावरून हात फिरवला आणि हा दात-ओठ खात बघत राहिला.

टोपी त्यानं बाहेर फेकली. वाटलं, सुटलो.

परवा दोघं चर्चला निघाले, तेव्हा त्याला बुर्गीची टोपी दिसली.

डहाळी... डावीकडे.

"मीच खोचली," ती म्हणाली.

तो तसाच माझ्याकडे आला.

"ताई, वेंडेलिनला जाऊन इतकी वर्षं झाली. मग हे सुतक कुणाचं?"

मी त्याला बसायला स्टूल पुढे केलं.

"आणि आज तिनं माझ्याही गालावरून हात फिरवला... माणूस गेल्यावर फिरवतात ना, तसा."

तेव्हापासून उठल्याबरोबर मी खिडकीतून आधी तो दिसतो का ते बघते.