सहा आठवड्यांच्या बाई

खडूंच्या कपाटात आम्ही दोघी अडकलो होतो — मी आणि चिमणी.

डाव लपंडावाचा होता. परदेशातल्या त्या मिशनच्या शाळेत, बालवर्गावर माझा तिसराच दिवस. मुलांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना कळत नव्हती. पण लपंडावाला भाषा कशाला लागते? असा सुज्ञ विचार करून मी कपाटात शिरले. माझ्यामागोमाग चार वर्षांची एक किरकोळ मुलगी शिरली (हिलाच मी पुढे चिमणी म्हणायला लागले), तिनं दार ओढून घेतलं, आणि बाहेरची कडी आपोआप पडली. खट्!

मी दार ठोकलं. बाहेरून पंचवीस मुलांनीही ठोकलं. त्यांना वाटलं, खेळच आहे. मी इंग्रजीत ओरडून पाहिलं, मग घाबरल्यावर माणूस ज्या भाषेत ओरडतो त्या भाषेत ओरडले, "अरे, कुणीतरी उघडा रे!"

"आत कोण कडमडलंय?" बाहेरून आवाज आला. पुरुषाचा... आणि चक्क मराठीत!

दार उघडलं. समोर एक उंच तरुण. कानावर पेन्सिल, केसांत लाकडाचा भुसा. त्यानं मला नखशिखान्त न्याहाळलं. मी खडूच्या भुकटीनं पांढरीफटक झाले होते.

"शी! काय अवतार केलायस!" तो म्हणाला.

ओळख ना पाळख, आणि सरळ 'तू'! मी चिडून म्हणाले, "तुम्ही सगळ्यांशी असंच बोलता?"

"मराठीत? हो. आई असंच बोलते." तो मनापासून म्हणाला. "मला 'तुम्ही' कुणी शिकवलंच नाही."

तो शाळेचा सुतार होता. त्याची आई आपल्याकडची — तरुणपणी मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून आली आणि तिथल्याच एका सुताराशी लग्न करून राहिली. मुलाशी ती मराठीत बोलायची ती प्रामुख्यानं रागावताना. त्यामुळे त्याचं मराठी अस्खलित होतं, पण सगळं 'पाय पूस', 'डोकं फिरलंय का', 'जेवायला ये नाहीतर बघ' या जातीचं.

मी मात्र तिथे फार मोठ्या मनसुब्यानं गेले होते. माझे बाबा पाळक. लहानपणापासून आमच्या चर्चमध्ये पाहुणे मिशनरी यायचे, दूरदेशच्या मुलांबद्दल सांगायचे, आणि मी मांडी घालून ऐकत बसायचे. शिक्षिकेचा कोर्स संपला, सुट्टी लागली, तेव्हा मैत्रिणी मावशीकडे नाहीतर आत्याकडे गेल्या आणि मी सहा आठवडे सेवा करायला विमानात बसले. मुलांना प्रार्थना शिकवीन, गाणी शिकवीन, सुताराच्या घरी वाढलेल्या येशूची गोष्ट सांगीन, मेंढपाळाची सांगीन... प्रत्यक्षात पहिले तीन दिवस मी फक्त नाकं पुसली.

"त्यांना 'शांत बसा' कसं म्हणायचं?" मी सुताराला विचारलं. तो खिडकीपाशी बालवर्गाच्या मोडक्या खुर्च्या दुरुस्त करत होता.

त्यानं एक शब्द सांगितला. मी टाळी वाजवून तो ठणकावून म्हटला. मुलं आधी पोट धरून हसली, मग गुमान बसली. दोन दिवस मी खूश! तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका — सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत — चष्म्यावरून बघत म्हणाल्या की हा शब्द शेळ्या हाकताना वापरतात.

मी तरातरा खिडकीपाशी गेले. "तुम्हाला लाज नाही वाटत?"

"बसली ना पण?" तो खिळ्याला विचारावं तसं म्हणाला. आणि मग वर बघून हसला... तेव्हा मला कळलं, की त्याच्या उजव्या गालावर खळी पडते. हे कळायची तशी काही गरज नव्हती.

खरी अडचण होती चिमणीची. आई सोडून गेली की ती दारात उभी राहून तासभर रडायची. मी कडेवर घ्यायचे, गाणं म्हणायचे, नाचूनसुद्धा दाखवलं. छे! ती एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायची आणि मला तो कळायचा नाही. एका सकाळी तिच्याबरोबर मीही रडले.

सुतारानं रंधा खाली ठेवला. तिच्यासमोर उकिडवा बसला, ऐकलं. "ती म्हणतेय, फाटक," तो हळूच म्हणाला. "आई जाते ते फाटक इथून दिसत नाही. खिडकी उंच आहे."

दुसऱ्या दिवशी खिडकीखाली एक छोटं बाक होतं. दोन पायऱ्या, धरायला गोल कठडा, कडा अगदी गुळगुळीत. चिमणी चढली. फाटक दिसलं. तिनं फाटकाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि रडायचं विसरूनच गेली.

मी कठड्यावरून हात फिरवला. एक कुसळही टोचत नव्हतं. "एवढं कधी केलंत?"

"आई ओरडली, जेवण गार होतंय म्हणून. ओरडू दे म्हटलं."

त्या दिवसापासून मी त्याला 'तू' म्हणायला लागले. कसं, कधी — विचारू नका.

मग शाळा सुटली की तो मला मी उतरले होते त्या घरापर्यंत सोडायला यायला लागला. दोन वळणांची वाट आम्ही तासभर पुरवायचो. चौथ्या दिवशी मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. त्या रागावल्या नाहीत, तेच अवघड होतं.

"मुली, तू इथे सहा आठवडे आहेस. तो जन्मभर इथे आहे. तू जाशील, आणि गावाच्या तोंडी तो राहील. तुझ्या शेवटच्या दिवशीची घंटा होईपर्यंत एकटीनं त्याच्याबरोबर फिरायचं नाही, बोलत बसायचं नाही. शब्द दे."

मला राग आला. पण त्या खोटं बोलत नव्हत्या. मी शब्द दिला, आणि त्याला तसं सांगितलं. तो बराच वेळ पेन्सिलीला टोक करत राहिला. "बरं," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आला, माझ्याकडे पाठ करून बसला, एक खुर्ची समोर घेतली आणि तिला म्हणाला, "काय गं खुर्चे, आज पिवळा रंग घातलायस? बरा दिसतोय."

मी पिवळा ड्रेस घातला होता.

मी फळा पुसत होते. डस्टरला म्हणाले, "आगाऊ लोकांकडे आपण लक्ष देत नाही, हो की नाही रे?"

"खुर्चे, तू रात्री नीट झोपत नाहीस का? डोळे सुजलेत."

"डस्टर, खुर्चीला डोळे असतात का? विचार त्याला."

मुलं टकामका बघत होती. दारात मोठ्या बाई उभ्या! त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. एकमेकांशी आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो. त्या निघून गेल्या, पण जाताना त्यांचे खांदे हलत होते, हे मी शपथेवर सांगते.

अशा गप्पांत दिवस भुर्रकन उडाले. सव्वीस खुर्च्या दुरुस्त व्हायला जेवढे दिवस लागायला हवेत त्याच्या दुप्पट लागले. मुलं माझ्याबरोबर प्रार्थना म्हणायला लागली, गाण्यात हातवारे करायला लागली. मेंढपाळाची गोष्ट मी त्यांच्या भाषेत सांगितली. चार चुका झाल्या, चिमणीनं चारही दुरुस्त केल्या.

आणि शेवटचा दिवस आला. बारा वाजता घंटा. विमानतळाची बस चारला.

घंटा झाली. मुलं गळ्यात पडली, रडली, गेली. मी पायरीवर बॅग घेऊन बसले. आता तो येईल... साडेबारा. कुणी नाही. एक वाजला. माझ्याच मूर्खपणाचं मला हसू यायला लागलं आणि नाक मात्र लाल व्हायला लागलं. खुर्चीशी बोलला होता तो, माझ्याशी कुठे?

सव्वाला फाटकातून एक ठेंगण्या बाई तरातरा आल्या. मागे, मान खाली घालून, इस्त्रीचा शर्ट घातलेला सुतार.

"तूच ना ती?" त्याच्या आईनं कमरेवर हात ठेवले. "अगं, हा सकाळपासून माझं डोकं खातोय! मराठीत लग्नाचं कसं विचारतात म्हणे. मला काय ठाऊक? मला ह्याच्या बाबांनी त्यांच्या भाषेत विचारलं होतं. मला वाटलं, चहा घेणार का विचारतायत. मी हो म्हटलं!"

"आई!" तो कळवळला.

"आई काय? बोल आता. मी जाते मोठ्या बाईंकडे. आणि पाठीला पोक काढू नकोस!"

त्या गेल्या. तो माझ्यापासून दोन पायऱ्या खाली बसला. हात धुतलेले होते, तरी नखात रंग होता — पिवळा.

"मला चांगलं बोलता येत नाही," तो म्हणाला. "आईनं मला फक्त रागावायला शिकवलंय."

"मग रागावून सांग," मी म्हणाले.

त्यानं खोल श्वास घेतला. "गधडे... कुठे निघालीस? डोकं फिरलंय का? म्हणजे... जा. घरी आई-बाबा वाट बघतायत. पण परत आली नाहीस तर बघ! मी... मी जेवणार नाही."

मी हसत होते आणि डोळे पुसत होते. "तुझ्या आईला चालेल, तू जेवला नाहीस तर?"

"नाही ना. म्हणून तर तुला यावंच लागेल."

मी एक पायरी उतरले. तो एक चढला. भुशाचा आणि साबणाचा वास आला... त्यानं माझा हात हातात घेतला. बोटं खरखरीत होती, धरणं मात्र अगदी अलगद.

"येईन," मी म्हणाले. "पण आधी बाबांना विचारायचं. लपवून काही करणार नाही."

"आत्ता विचार," तो म्हणाला, आणि भीतीनं उभाच राहिला.

मी फोन लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. चिमणी, बाक, मोठ्या बाई, सगळं. मग घसा खाकरला. प्रवचनात कठीण ओळ आली की ते तसाच खाकरतात.

"मुलगा करतो काय?" त्यांनी शेवटी विचारलं.

"सुतार आहे, बाबा."

सुतारानं डोळे घट्ट मिटून घेतले होते.

मग बाबा हसले. खळखळून, आईला हाक मारत हसले.

"अगं बाई," ते म्हणाले, "पाळकाच्या घरात सुताराला कोण नाही म्हणणार?"