मी वाट बघणार नाही

शेजारच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा त्याच्या तोंडात टूथब्रश होता आणि माझ्या हातात हे भलंमोठं पातेलं.

"करी आहे," मी म्हणाले. "भातही आहे. जरा जास्त झालंय."

त्याने पातेल्यात डोकावून पाहिलं. "जरा? अहो, यात अख्खी बिल्डिंग जेवेल! लग्न कोणाचं आहे?"

माझे कान लाल झाले. पण मी तरी काय करणार? मी बालगृहात वाढले. स्वयंपाक शिकले तिथल्या मावशींच्या हाताखाली, आणि तिथे सगळं पंगतीच्या मापाने व्हायचं. ठरलेलं वय झालं तसं बालगृह सोडलं, मोकपो बंदरातल्या या खोलीची किल्ली हातात आली, आणि पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं... एका माणसाचा भात कसा लावतात, तेच मला येत नाही!

हे त्याला कशाला सांगू? "खायचं तर खा, नाहीतर राहू दे," म्हणाले आणि वळले.

"थांबा, थांबा! वाडगा आणतो... दोन आणतो."

त्याचं नाव दोग्योम. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. पुढे उनजू ताईने मला एका माणसाचा भात लावायला शिकवला. बालगृहातून बाहेर पडलेल्या आम्हा पोरांकडे लक्ष ठेवणं हेच तिचं काम. विजेचं बिल कुठे भरायचं, ताप आला तर कोणाला फोन करायचा, सगळं तिनेच शिकवलं. पण रविवारी मी मात्र जास्तच करायचे. मुद्दाम!

"आज खारट झालंय," दोग्योम म्हणायचा.

"मग नको खाऊस."

"खारट म्हटलं. वाईट कुठे म्हटलं? वाढ."

एकदा वाढताना माझा चष्मा नाकावरून घसरला. "कोणत्या शहाण्याने बसवलाय हा? आण इकडे." त्याने दांडी हळूच वाकवली आणि चष्मा परत माझ्या कानांमागे अडकवला. बोटं गार होती... "सरळ बघ. माझ्याकडे."

"बघतेय की."

"दिसतंय नीट?"

"हो. तुझ्या दातात पालक अडकलाय."

इतके हसलो आम्ही! खिडकीतून खारा वारा येत होता. त्या हसण्याच्या भरात मी त्याला बालगृहाचं सगळं सांगून टाकलं, एका दमात. तो म्हणाला, "म्हणजे मी इतके दिवस पंगतीचं जेवतोय? तरीच ही चव!"

कीव नाही, सुस्कारा नाही. मी तिथेच प्रेमात पडले, खरं सांगते.

शरद ऋतूत त्याला लष्कराचं बोलावणं आलं. कोरियातल्या प्रत्येक पोराला ते येतंच, ठाऊक होतं. जिन्यात उभा राहून तो चाचरत म्हणाला, "बोरा... दीड वर्षाचा तर प्रश्न आहे. माझी वाट बघशील?"

सात वर्षांची होते तेव्हा आईने बालगृहाच्या पायरीवर बसवून हेच सांगितलं होतं... वाट बघ हं, मी येते. थंडी पडेपर्यंत मी रोज त्या पायरीवर जाऊन बसायचे. आई आली नाही.

"नाही," मी म्हणाले. "मी नाही वाट बघणार." आणि दार लावून घेतलं.

त्या आठवड्यात उनजू ताई आली. माझे सुजलेले डोळे बघून तिने काय झालं ते काढूनच घेतलं. तीही आमच्याच बालगृहातली, तिला पायरी समजावून सांगावी लागली नाही.

"नको ना बघूस वाट," ती शांतपणे म्हणाली.

"पण ताई, मला तो हवाय!"

"अगं वेडे, मग जा त्याच्याकडे! तेव्हा एवढीशी होतीस, बसून राहण्यापलीकडे तुझ्या हातात काही नव्हतं. आता बसचं तिकीट काढता येतं ना? की तेही मीच शिकवू?"

मी रडता रडता हसले.

ज्या दिवशी तो दाखल होणार होता, त्या दिवशी मी बस पकडून नोनसानला गेले. लष्कराच्या छावणीच्या फाटकापाशी ही गर्दी! आया डोळे पुसत होत्या. गोटा केलेला दोग्योम वडिलांच्या पाया पडत होता. उठला, आणि मी दिसले.

"तू? तू तर म्हणालीस..."

"वाट बघणार नाही. अजूनही तेच म्हणतेय." गर्दी रेटत मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "भेटायला सोडतील त्या दिवशी मी येणार. मग तुला कुठल्या डोंगरात धाडलं तर तिथेही येणार. तू फक्त कुठे आहेस ते सांगत जा. आवडतोस तू मला, गाढवा!"

"अगं, हळू... बाबा ऐकतायत."

"ऐकू देत."

त्याने आपल्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला. डोळे भरले होते, ओठ मात्र हसत होते. "म्हणजे वाट मी बघायची?"

"हो. जमेल?"

आतून पुकारा झाला. पोरं रांगेत सरकू लागली. त्याने माझा हात घट्ट दाबला, सोडला, पुन्हा धरला.

"लवकर ये," तो म्हणाला.

हे मला आजवर कोणीच म्हटलं नव्हतं.