वय चुकीचं आहे, पुन्हा टाका

शवागारात प्रेम जमतं का? का नाही जमणार? जागा थंड, गर्दी बेताची, आणि आतली मंडळी चहाड्या करायला कुठे जात नाहीत.

खरं तर तो तिथे यायचाच नव्हता. कॉम्प्युटर दुरुस्तीला यायचा होता त्याचा साहेब. पण पत्ता ऐकताच साहेबाची कंबर धरली. म्हणून हा आला… बॅग पोटाशी घट्ट धरून, नजर जमिनीला खिळवून.

खिडकीशी बसलेल्या कारकून मुलीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नोंद करायला आलात, की नोंद व्हायला?"

तो दचकला… मग हसला. झालं, तिथेच फसला बिचारा.

तक्रार साधी होती. काळा पडदा, पांढरी अक्षरं. प्रोग्रॅम एकेक विचारायचा, नाव, वय, कुठून आणलं, आणि ती टाइप करायची. पण वयाच्या जागी आकड्याऐवजी चुकून एखादं अक्षर पडलं, की अख्खा प्रोग्रॅम मान टाकायचा. इथली हवाच तशी, असं तिचं म्हणणं.

त्याने बसून दुरुस्ती केली. आता उत्तर वेडंवाकडं आलं तरी प्रोग्रॅम बंद पडणार नव्हता. पीं करून ओरडणार, चूक सांगणार आणि पुन्हा विचारणार. बरोबर उत्तर मिळेपर्यंत सुट्टी नाही. बघा टाकून, तो ऐटीत म्हणाला. तिने वयाच्या जागी टाकलं, 'विचारू नये'. पीं. मग टाकलं, 'लग्नाचं'. पीं. तो गालात हसत होता, पण कान लालबुंद.

"हट्टी आहे हो तुमचा प्रोग्रॅम, मिस्त्री."

"माझ्यावर गेलाय."

त्यानंतर मिस्त्रीच्या फेऱ्या सुरू झाल्या. कधी की-बोर्ड पुसायला, कधी वायर हलवून बघायला. स्ट्रेचर ढकलणारे मामा म्हणायचे, त्या वायरीला आता गुदगुल्या होत असतील. बोलता बोलता तिने आलेल्या स्थळांचेही किस्से सांगितले. नोकरी कुठे हे कळलं, की पाहुण्यांना तातडीचं काम आठवायचं. एकाने तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. एक टिकला होता, त्याची अट एकच, नोकरी सोड. तिने त्याला सोडलं. हे सांगताना ती हसली खरी… पण डोळे काही हसले नाहीत.

आणि हा शहाणा? यानेही मनात तेच ठरवलेलं. मागणी घालायची, आणि तिला इथून बाहेर काढायचं. आमच्या ऑफिसात ये, प्रोग्रॅम मोडून बघायचं काम आहे, तुझ्यासारखा हात कुणाचा नाही… वाक्यं अगदी घोकून ठेवलेली.

एका दुपारी तो ती वाक्यं बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात खिडकीशी एक तरुण बाप आला. छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं एवढंसं काहीतरी. रात्री जन्मलेलं, सकाळी गेलेलं. मामांनी हात पुढे केले. तो देईना.

तिने हळू आवाजात आडनाव विचारलं, टाकलं. मग वय. शून्य.

पीं. वय चुकीचं आहे, पुन्हा टाका.

तिने पुन्हा शून्य टाकलं. पीं.

 वय शून्य चालणार नाही, ही अट मिस्त्रीनेच घातली होती. शून्य वयाचं माणूस असतं कुठे? लिहिताना स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं होतं.

बापाने पडद्यावरचं वाचलं.

"काय चुकलं?" त्याने विचारलं. "आमचं काही चुकलं का?"

"तुमचं काही नाही चुकलं, दादा. मशीन चुकलंय."

ती खुर्चीतून उठली, बाहेर आली, त्याच्यासमोर नुसती उभी राहिली. घाई केली नाही. बऱ्याच वेळाने त्याने ते गाठोडं तिच्या हातात दिलं. तिने मान सावरून धरलं, जित्या बाळाला धरतात तसं.

मिस्त्री तिच्या खुर्चीत बसला. ती अट काढली. शून्य टाकून पाहिलं. प्रोग्रॅमने मुकाट्याने घेतलं. मग तो मागच्या पायरीवर जाऊन बसला… कुणाला तोंड दाखवावंसं वाटेना.

बाप गेल्यावर ती तिथे आली. धुतलेले हात ओढणीला पुसत होती.

"मघाशी काहीतरी बोलणार होतात."

"त्यातलं अर्धं रद्द झालं."

"कुठलं अर्धं?"

"नोकरी सोड… ते."



"आणि उरलेलं?"

"ते आज कसं विचारू?"

"आज नकोच."

त्याला वाटलं, संपलं. पण ती शेजारी टेकली, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ.

"आज कुणी मला लग्नाचं विचारलं, तर मी रडत सुटेन," ती म्हणाली. "उद्या विचार. मी हो म्हणणार आहे."

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. मामा एकटेच स्ट्रेचर ओढत निघाले आणि त्यांनी हाक मारली, कुणीतरी हात लावा रे. ती उठायच्या आत तो उठला.

"पायांकडून धर," ती म्हणाली. "पहिल्या खेपेला तेवढंच झेपतं."