सासूबाईंची केळ कुठे गेली?

"आमची केळ चोरीला गेली हो," शिवणकाम करणाऱ्या काकू म्हणाल्या.

भाच्याला हसू फुटणार होतं, पण मावशीने डोळे वटारले तसं त्याने ते गिळलं. मावशीचा खासगी तपासाचा धंदा होता. भाचा दातांचा डॉक्टर. दवाखाना बंद असला की तो मावशीची गाडी चालवायचा आणि दर वेळी नेमका चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा.

काकूंच्या परसात दोन केळी होत्या. एक त्यांच्या सासूबाईंच्या हातची, दुसरी बाजारातून आणलेली. काकूंच्या यजमानांनी दोघींजवळ पत्र्याच्या पाट्या रोवल्या होत्या, 'आईची' आणि 'बाजारची'. यजमान गेले आणि घर सुनेवर सोपवून काकू लेकीकडे राहायला गेल्या, त्या काही वर्षांनी परवा परतल्या. बघतात तर 'आईची' ही पाटी मोकळ्या जमिनीत उभी! 'बाजारची'जवळ एक केळ होती आणि पलीकडे मोरीशी आणखी एक.

"सुनेनेच उपटली असणार," काकू म्हणाल्या. "उद्या पाण्याच्या टाकीसाठी गवंडी 'बाजारची' तोडतोय. तोडू दे. मी लेकीकडेच जाते कायमची. या घरात माझं आता उरलंय काय?"

"सासूबाईंची केळ ओळखायची कशी?" मावशीने विचारलं.

"देठ फार नाजूक. पिकलं की एकेक केळं गळून पडायचं. सासूबाई खाली जुनी चादर अंथरायच्या."

परसात जाऊन भाच्याने 'आईची' ही पाटी निरखली. एवढी ऊनपावसात उभी, तरी अक्षरं कशी ठळक होती.

गवंडी घुश्शातच होता. "मी आधी या पाटीपाशीच खणत होतो. दोन पहारी मारल्या, तर आत काळा कुजका गड्डा लागला. तेवढ्यात काकूंनी हाकललं."

सून नर्स होती, नुकतीच ड्यूटीवरून आलेली. "मी कशाला उपटू? घड उतरला की ते खोड मरतंच, तेवढं कापते. बुंध्याशी फुटलेल्यांपैकी मोरीच्या बाजूचं पिल्लू ठेवते, कपड्यांचं पाणी आयतं मिळतं. बाकीची काढून टाकते."

'बाजारची' पाटीजवळच्या, मधल्या केळीवर हिरवा घड लटकत होता. खाली गोणपाट पसरलेलं होतं.

"हे कशाला?" मावशीने विचारलं.

"हिची फळं पिकली की पडून फुटतात. मोरीजवळचीची नाही पडत."

"गवंड्याचंच काम!" भाचा कुजबुजला. "त्याला जागा हवी होती."

"तू दातच काढ," मावशी म्हणाली आणि तिने सगळ्यांना जवळ बोलावलं.

"केळ उपटली असती तर गड्डाही निघाला असता. तो तर जागच्या जागी कुजलाय. म्हणजे केळ चोरीला गेली नाही, चालत गेली! खोड मरतं, शेजारचं पिल्लू वाढतं. सूनबाईंनी दर वेळी मोरीकडचं पिल्लू राखलं, म्हणून दोन्ही केळी तिकडे सरकत गेल्या. 'आईची' आली 'बाजारची'च्या पाटीपाशी, 'बाजारची' पोचली मोरीला. पाट्या तेवढ्या तिथेच राहिल्या."

"कशावरून?" भाच्याने विचारलं.

"गोणपाटावरून. फळं गळतात ती मधलीची. काकू, उद्या तुम्ही सासूबाईंचीच केळ तोडणार होतात."

काकूंनी मधल्या केळीच्या खोडावरून हात फिरवला.

"आणि ज्या सुनेला केळ नको असेल," मावशी हळूच म्हणाली, "ती पाटीवरची अक्षरं कशाला गिरवत बसेल?"

सुनेने मान खाली घातली. "बाबांनी रोवल्यात त्या. हलवायला धीरच होईना. दर वर्षी रंग तेवढा देत होते. आई, मला एकदा विचारायचं तरी."

"चुकलं गं माझं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी तिला जवळ ओढलं. मग गवंड्याकडे वळून त्या म्हणाल्या, "टाकी या मोकळ्या जागेतच होऊ दे. पाटी मी काढून देते."

तेवढ्यात लेकीचा फोन आला. तिकीट काढू का, म्हणून विचारत होती.

"नको," काकू म्हणाल्या. "घड उतरवायचाय. आम्ही दोघी मिळून उतरवणार आहोत. तूच ये खायला."