टाकाऊ, टिकाऊ

ताईला जुळी झाली, त्या वर्षाची ही गोष्ट. आई तिच्याकडे बाळंतपणाला गेली होती आणि चार महिने परतली नाही. घरात बाबा, दादा आणि मी. सकाळचा स्वयंपाक उरकून मी दुकानात यायची. दुकान म्हणजे बाबांचं गाड्या रंगवायचं. पुढे रस्ता, मागे पाण्याचा हौद, मध्ये तीन गाड्या कशाबशा मावतील एवढी जागा.

मी लहानपणापासून तिथेच. माझी बोटं बारीक, गाडीच्या पुढच्या जाळीच्या फटीत पॉलिश पेपर घेऊन सहज शिरायची. ताई शाळेत गेली, दादा गेला. माझ्या बोटांना दुकानात जेवढं काम होतं तेवढं शाळेत नसेल, असं घरातल्यांना वाटलं असावं. कोणी मुद्दाम केलं नाही. राहून गेलं.

एका सोमवारी एक लांबलचक जुनी गाडी दुकानासमोर येऊन थांबली. बंपर चकचकीत, जाळी चकचकीत, काचांभोवतीच्या पट्ट्या, दारांच्या मुठी, चारही चाकं... ऊन असं परतत होतं की मी डोळ्यांवर हात धरला.

आतून एक उंच, वाळका माणूस उतरला. शर्टाची कॉलर उन्हाने विटलेली.

"हिचं तोंड काळं करायचंय," तो म्हणाला.

"काय गुन्हा केला तिने?" मी विचारलं.

"चमकते."

दादा हौदाजवळून हसला. "लोक चमक आणायला येतात, तुम्ही घालवायला आलात?"

त्याने सांगितलं. गावाबाहेरच्या तळ्याच्या पाण्याची पातळी रोज वाचून लिहायची, ही त्याची नोकरी. आणि तळ्यावरची पाखरं मोजायची, हा नाद. गाडी त्याच्या मामांची. मामांना चमक फार प्यारी. मामांनी गाडी त्याला दिली, पण ती तळ्यावर नेली की सगळ्या क्रोमवर ऊन लखलखायचं आणि हा मोजायच्या आत निम्मी पाखरं उडून जायची.

"जेवढं चमकतं तेवढं सगळं काळं करा. आणि काळं म्हणजे चकाकणारं काळं नको, कोळशासारखं."

दादाने त्याच क्षणी त्याचं नाव पाखरवाला ठेवलं.

क्रोमवर रंग सहजासहजी बसत नाही. नुसता मारला तर महिन्यात साल निघते. आधी पॉलिश पेपरने घासून सगळी चमक मारायची, हात फिरवला की खरखर लागली पाहिजे. मग पुसून प्रायमर, मग काळ्याचे तीन हात. हे घासायचं काम माझं. पाखरवाला कामावरून सुटला की रोज यायचा आणि मी घासत असताना समोर उभा राहायचा.

"दुखत नसेल ना?"

"गाडीला?"

"मामांना. त्यांनी बघितलं तर."

"मग मामांना येऊ देऊ नका. आणि तुम्ही सरका, उजेड अडतोय."

तो सरकायचा. दोन मिनिटांनी परत तिथेच.

"तुम्हाला दुसरं काम नाही?" मी विचारायची.

"आहे की. मोजतोय."

"काय?"

"तुम्ही एका मुठीवर किती वेळा हात फिरवता ते. एकशे बारा झाले."

"खोटं."

"बरं, एकशे अकरा. मध्ये एकदा तुम्ही माझ्याकडे बघितलंत... तो हात हवेत गेला."

मी खाली मान घालून घासत राहिले. कान तापले होते. ती मागच्या डाव्या दाराची मूठ. पुढे दोन वर्षांत तिच्यावरचा रंग सुटला. बाकी गाडीवर कुठेही सुटला नाही, एवढं सांगते.

शेवटी चाकं राहिली. टायरवर रंग जाऊ नये म्हणून आम्ही टायरमधली हवा थोडी सोडायचो आणि टायर आणि रिमच्या फटीत पत्ते खोचायचो, एकावर एक चढवून, गोल. फूल उमलल्यासारखं दिसायचं. पण आमचा पत्त्यांचा कॅट रंगाचे थर चढून इतका जाड झाला होता की फटीत शिरेना.

"जाड कागदाची कार्डं चालतील?" त्या दिवशी सकाळीच कामावर जाता जाता डोकावलेला पाखरवाला म्हणाला. "डिकीत दोन गठ्ठे आहेत. एकावर मी टाकाऊ लिहिलंय, तो घ्या. दुसऱ्यावर टिकाऊ लिहिलंय, त्याला हात लावू नका."

"बरं," मी म्हणाले.

बरं म्हणायला काय जातं! तो कामावर निघून गेला. दादा रंग आणायला, बाबा कोणाच्या तरी गाडीचा भाव ठरवायला. मी डिकी उघडली. दोन गठ्ठे, दोन्हींना दोरा, दोन्हींवर एकेक चिठ्ठी. दोन्ही चिठ्ठ्यांवरच्या अक्षरांच्या मुंग्या मला सारख्याच दिसल्या.

रस्त्यावर दहा माणसं होती. कोणालाही विचारता आलं असतं. पण "अहो, यातलं टाकाऊ कुठलं?" असं विचारायचं म्हणजे... वीस वर्षांच्या बाईला वाचता येत नाही हे चव्हाट्यावर मांडायचं. मी डोकं चालवलं. एक गठ्ठा कोरा करकरीत, एकसारख्या छापलेल्या कार्डांचा. दुसरा मळका, चिखलाचे डाग, कोपरे दुमडलेले. मळकं ते टाकाऊ, स्वच्छ ते ठेवायचं. यात चुकण्यासारखं काय आहे?

मळका गठ्ठा घेतला. दोन चाकांना कार्डं लिहिलेली बाजू बाहेर करून खोचली, दोन चाकांना आत. त्यालाही काही कारण नव्हतं, जशी हाताला आली तशी. चारही चाकं रंगवली. सुंदर झाली.

संध्याकाळी मी कार्डं उपसत होते तेव्हा तो आला. आधी चाकांकडे बघून हसला. मग माझ्या हाताकडे बघितलं आणि हसू तिथेच थांबलं.

"ही... ही कुठली घेतलीत?"

मी हातातली कार्डं खाली ठेवली.

एका पाखराचं एक कार्ड. वर नाव, खाली तारखा आणि आकडे. तीन हिवाळ्यांची मोजणी. लिहिलेली बाजू बाहेर राहिलेली चाळीस कार्डं कोळशासारखी काळी झाली होती, त्याने गाडी सांगितली होती तशीच.

"मी लिहून ठेवलं होतं," तो हळूच म्हणाला. "दोन्हींवर लिहून ठेवलं होतं."

"मी बघितलं नाही."

"बघितलं नाही?"

"नाही. घाईत होते."

खरं सांगण्यापेक्षा निष्काळजी ठरलेलं परवडलं. दादा आतून ओरडला, "डोळे आहेत की बटणं?" मी ऐकून घेतलं. पाखरवाल्याने काळी कार्डं एकेक उचलली, फडक्यात बांधली आणि निघाला. दारात वळून म्हणाला, "चाकं मात्र छान झाली आहेत." मला त्यापेक्षा दोन शिव्या चालल्या असत्या.

तीन दिवसांनी रंग पक्का वाळल्यावर तो गाडी न्यायला आला. दादाशी बोलला, किल्ली घेतली. मी हौदाशी होते. तिथे येऊन त्याने माझ्या ओल्या हातात एक कार्ड ठेवलं. "सवडीने वाचा," म्हणाला आणि गेला.

ते कार्ड मी पॉलिश पेपरच्या डब्यात लपवलं. दिवसातून चार वेळा काढून बघायची. आई असती तर तिलाही दाखवता आलं नसतं, तीही माझ्यासारखीच. बाबांना दाखवायची सोय नाही. दादाला दाखवावं तर तो वाचणार, आणि तीच तर अडचण! कार्डावर तीन ओळी होत्या. तिसरी आखूड. शिव्या असतील तर पहिल्या दोन ओळींत, आणि तिसऱ्या ओळीत 'पुन्हा तोंड दाखवू नका', असा माझा हिशोब.

सोमवारी तो आला. दादा समोरच्या दुकानात गेला होता. पाखरवाल्याने गाडी थांबवली, उतरला नाही, खिडकीतूनच बोलला.

"नाही म्हणायचं होतं तर नाही म्हणून कळवायचं. मी आपलं तोंड काळं केलं असतं. सात वाजल्यापासून अकरापर्यंत बसवून कशाला ठेवलंत?"

"कुठे बसवलं?"

"तळ्यावर! काल!"

"मला काय माहीत तुम्ही तळ्यावर बसलात?"

"कार्डावर लिहिलं होतं ना! वाचलं नाहीत?"

"नाही."

"का?"

हातात ओला पॉलिश पेपर होता. तो मी पिळत राहिले.

"येत नाही."

"काय येत नाही?"

"वाचायला."

त्याने गाडी बंद केली. 

"मग तो गठ्ठा..."

"मळका होता," मी म्हणाले. "मळकं ते टाकाऊ, असं वाटलं."

मला वाटलं तो कीव करेल. तो हसायला लागला. स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला.

"अहो कारागीर, मळकं म्हणजे वापरातलं. वापरातलं तेच ठेवायचं असतं! कोरा गठ्ठा ऑफिसने चुकीचा छापून फेकून दिलेला."

"चिठ्ठी अशी लिहायची की माणसाला कळेल. एकाच वळणाचे दोन शब्द कशाला लिहिलेत?"

"चुकलं माझं," तो म्हणाला, आणि खरंच तोंड पाडून म्हणाला. तेव्हा मला हसू आलं.

मग मी डबा आणला. त्याने कार्ड वाचून दाखवलं. "रविवारी सात वाजता तळ्यावर या. मोजायला चार डोळे लागतील. रागावलो नाही."

तिसरी ओळ आखूडच होती, पण मला वाटली तशी नव्हती.

पुढच्या रविवारी मी गेले. दादाला सांगून गेले, तो म्हणाला, "काळं करून झालं, आता काय पांढरं करायला चाललीस?" पण अडवलं नाही. गाडी काठाला नेली तरी एक पाखरू हललं नाही. ते बघून माझी मान ताठ झाली. ते माझं काम होतं.

त्याने रंगातून बचावलेल्या कार्डांतलं एक माझ्या हातात दिलं. पाण्याच्या कडेला एक लांब पायांचा पक्षी टिटिव-टिटिव ओरडत पळत होता. "हा जे ओरडतोय ना, त्यातलं पहिलं अक्षर हे," तो म्हणाला. टि. टिटवी. मी ते अक्षर बोटाने दहा वेळा गिरवलं. गाडीत मागच्या सीटवर ते दोन गठ्ठे पडले होते. मी वळून बघितलं.

"याच्यावर तेच आहे," मी म्हणाले. "टि... हा टिकाऊ!"

माझ्या आयुष्यात मी वाचलेला तो पहिला शब्द.

तो हिवाळाभर आम्ही मोजत होतो. मी पाखरं सांगायची, तो लिहायचा; मग तो सांगायचा आणि मी वेडंवाकडं लिहायची. थंडी ओसरता ओसरता, एका रविवारी त्याने मला नवीन कार्ड दिलं. त्यावर पाखराचं नाव नव्हतं. मी एकेक अक्षर लावत बसले. तो समोरच्या पाण्याकडे बघत होता, मदत केली नाही. पाव तास गेला असेल.

'कायमची मोजायला येशील?'

मी पेन मागितलं. मागच्या बाजूला एकच शब्द लिहिला, पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि कार्ड परत दिलं. 'टिकाउ?' शेवटचं अक्षर चुकलं होतं. त्याने ते सुधारलं नाही. स्वतःच्या विटक्या कॉलरकडे बोट दाखवलं.

"मळका आहे," म्हणाला.

"मग ठेवते," मी म्हणाले.

ताईची जुळी दोन वर्षांची झाली तेव्हा आमचं लग्न झालं. मामा आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. काळी झालेली चाळीस कार्डं आम्ही टाकली नाहीत. गाडी विकली, तेही सांगायला हवं, पण बावीस वर्षांनी. तोवर तीच होती.

टिटवीच्या कार्डाला आता मागे सोळा कार्डं जोडली आहेत. त्याच्या अक्षरातली शेवटची नोंद सहा फेब्रुवारीची, टिटव्या एकोणतीस. तिच्याखालच्या ओळी माझ्या अक्षरात आहेत. धाकट्या नातीला पहिला दात आला त्याच आठवड्यात, नऊ फेब्रुवारीला, मंगळवारी सकाळी तो गेला.